युनूसचे लाल ठिपके

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. तहसील कचेरीत सोमवारची गर्दी होती आणि माझ्या खिडकीसमोर एक म्हातारी बाई उत्पन्नाच्या दाखल्याला कोणकोणते कागद लागतात ते तिसऱ्यांदा विचारत होती. तेवढ्यात रुखसानाचा फोन आला. रुखसाना म्हणजे माझा मित्र युनूस याची लेक, आष्टीला दिलेली. एरवी तिचा फोन ईदला येतो, नाहीतर दिवाळीला. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. आणि मी काय बोललो ते मला अजून आठवतं, आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "थांब बेटा, रांग आहे, पाच मिनिटांनी लावतो," असं म्हणून मी फोन ठेवला, पुढचा कागद घेतला, त्यावर शिक्का मारला. शिक्का मारून झाल्यावर ती काय म्हणाली ते मला कळलं... मग मी उठलो. खिडकी तशीच उघडी टाकून, चपला पायात अर्धवट अडकवून बसस्टँडकडं चालत सुटलो. रिक्षा करावी हेही सुचलं नाही.

युनूसचं मोटार रिवायंडिंगचं दुकान केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जातात. त्या सकाळी त्यानं शटर वर केलं, एका मोटारीचं झाकण काढलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत मान टाकली. कुणाला त्रास नाही, कुणाची धावपळ नाही. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर माती झाली. मीही मूठभर माती टाकली आणि घरी येऊन आंघोळ करून नुसता बसून राहिलो. आमची ओळख पाचवीपासूनची. बाकावर तो डावीकडं, मी उजवीकडं. त्यानं शाळा दहावीत सोडली, मी बी. ए. होऊन कारकून झालो, आणि त्यानंतर आयुष्यभर तो मला हाक मारायची झाली तर "ए कारकून" अशीच मारायचा, भर बाजारात, साहेब बरोबर असले तरी.

त्याच्या कानाबद्दल केजमध्ये कुणालाही विचारा. मोटार आणली की तो ती आधी उघडत नसे. चालू करायला लावायचा, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगावर ठेवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "बेरिंग गेलं हाय, तार चांगली हाय," एवढंच सांगायचा आणि ते तसंच निघायचं. एकदा मला म्हणाला, "तू लाव कान." मी लावला. मला नुसती घरघर ऐकू आली. "कावून बे, कान कचेरीत ठिवून आलास का?" तो म्हणाला. मग त्यानं दोन सारख्या मोटारी शेजारी ठेवून मला एकीकडून दुसरीकडं, पुन्हा पहिलीकडं असं तासभर कान लावायला लावलं, आणि शेवटी शेवटी मला एकीच्या घरघरीत आत काहीतरी किरकिरतंय असं वाटू लागलं. तेव्हा त्याला झालेला आनंद मी पाहिला आहे. त्यानं लगेच चहा मागवला.

मी बेस गिटार वाजवतो. लोकांना हे सांगितलं की ते माझ्या पोटाकडं आणि चष्म्याकडं बघतात, त्यांचाही इलाज नाही. आमच्या गावच्या सुभाषरावांचा जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. ते स्वतः गातात, भीमराव की-बोर्डवर, आणि मी चार जाड तारांची ती गिटार घेऊन मागच्या कोपऱ्यात. बेसचं काम जमिनीसारखं. ती आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, नसली तर सगळे अडखळतात. युनूस आमचं साउंड बघायचा. पुण्याहून एक जुनं प्रीअँप पेडल त्यानंच आणलं होतं. पेडल म्हणजे काय, साबणाच्या डबीहून थोडी मोठी लोखंडी डबी. गिटारची वायर एकीकडून आत जाते, दुसरीकडून साउंडकडं जाते, आणि मधे डबीवरच्या पाच नॉबनी त्या आवाजाचा पोत ठरतो: किती खर्ज, किती मधला सूर, किती वरचं तीक्ष्ण टोक, किती खरखर, आणि एकूण किती. आलं तेव्हा त्यातला एक नॉब फिरवला की फुरफुरायचा. युनूसनं ते खोललं, साफ केलं, दुरुस्त केलं आणि मला देताना म्हणाला, "ही घे तुझी डब्बी. आता तुझ्या गिटारला गळा आला."

पहिल्या कार्यक्रमाला मी तो गळा घरीच बसून तयार केला. खर्ज पूर्ण, टोक पूर्ण, मधलं सगळं कमी. घरच्या खोलीत तो आवाज असा काही भरदार लागत होता की मी आरशासमोर उभा राहून वाजवला. कार्यक्रम पत्र्याच्या मंगल कार्यालयात होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझा एक सूर कुणाला ऐकू जाईना. नुसती घूं घूं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या कपबशा मात्र वाजायला लागल्या. युनूस मागून चालत आला, गाणं चालू असतानाच खाली वाकला, दोन नॉब फिरवले आणि परत मागं गेला. मध्यंतरात मी चिडलो होतो. म्हटलं, माझा एवढा सुंदर आवाज तू बिघडवलास. तो हसला. "घरी बसून लावलास ना? घरी तू एकटाच वाजवतूस. इथं ढोलक हाय, की-बोर्ड हाय, लेकरं रडायलीत, बाया बोलायल्यात. त्या समद्यांच्या मधून जायचंय तुला. एकट्यात गोड लागणारा आवाज गर्दीत हरवतो, दत्ता." मी घरी येऊन मधला नॉब वर करून ऐकलं. एकट्यानं ऐकायला तो आवाज खरंच रुक्ष होता, नाकात बोलल्यासारखा. आणि त्या मंगल कार्यालयात त्याच आवाजाचा प्रत्येक सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला होता.

त्यानंतर पेडलवर लाल ठिपके आले. युनूसनं त्याच्या बायकोची, नसीमभाभींची नेलपॉलिश आणून प्रत्येक नॉबच्या कडेला एकेक ठिपका दिला. नॉबवरची रेघ त्या ठिपक्यासमोर आणायची की झालं काम. माझ्यातला कारकून लगेच जागा झाला. मी म्हटलं, थांब, वहीत लिहून ठेवतो, आकृती काढतो, उद्या ठिपका खरवडला गेला तर? तो एकदम म्हणाला, "लिवू नको. लिवलं की तू वहीकडं बघशील, ऐकणार न्हाईस." मी हट्ट केला, त्यानं वहीच हिसकून घेतली आणि मोटारीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहायला वापरली. पुढं कितीतरी वर्षं आमचा एकच शिरस्ता राहिला. कार्यक्रम असेल त्या दिवशी युनूस दुपारीच माझ्या घरून गिटार-पेडल उचलून, बाकी सामान घेऊन पुढं जायचा. मी कचेरी सुटली की जीप धरून, कधी एसटीनं, शर्ट न बदलता पोचायचो. पेडल जागेवर ठेवलेलं, वायरी जोडलेल्या. नॉब ठिपक्यांवर आहेत ना एवढं बघायचो आणि गिटार गळ्यात घालायचो. पहिल्या गाण्याला मी मागं नजर टाकायचो. चहाच्या किटलीजवळ तो उभा असायचा. हाताचा पंजा पालथा करून हवेत ठेवला म्हणजे ठीक आहे, वाजव.

तो गेल्यावर मी गिटारला हात लावला नाही. खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी विळ्या-कोयत्यांपासून शिलाई मशीनपर्यंत सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. माझी गिटारही दरवर्षी असते. या वर्षी वाटलं, युनूसची डबीही पाटावर असावी. तिच्यावर कैक मांडवांची धूळ आणि चिकटा बसला होता. फाटकाला रंग दिला तेव्हाचं थिनर घरात उरलेलं होतं. मी मन लावून, रडत रडत म्हटलं तरी चालेल, ती डबी घासून पुसून लख्ख केली. नॉब सगळ्या बाजूंनी फिरवून त्यांच्या बुडाची घाण काढली. पाटावर ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. संगीता, माझी बायको, शेजारी उभी होती. "अहो, त्या लाल टिकल्या कुठं गेल्या?" ती म्हणाली. फडक्याकडं बघितलं तर ते गुलाबी झालं होतं... पाचही नॉब कुठल्या कुठं फिरलेले आणि एकही ठिपका शिल्लक नाही. एवढ्या भक्तीनं एवढं नुकसान दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला कचेरीच्या दारात उभं केलं नसतं.

दोन दिवसांनी सुभाषराव घरी आले. युसूफ वडगावला एका मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती सोहळा महिनाअखेरीस होता, दुपारी चारला. सुभाषराव माणूस चांगला, पण आडवळणानं बोलणारा. आधी चहा घेतला, मग पाऊसपाणी झालं, मग म्हणाले, "दत्ताभाऊ, भीमराव डाव्या हातानं की-बोर्डवर बेस वाजवायलाय आता. बरा वाजवतो. तुमी या, उभे राव्हा, पर तो बी वाजवंल. बघू कसं जमतंय. न्हाई जमलं तर... तुमचंबी वय झालं, आमचंबी झालं." मला अर्थ कळला. युसूफ वडगावला माझा आवाज लागला तर लागला, नाहीतर बेस कायमचा भीमरावच्या डाव्या हातात जाणार. आणि गिटार माळ्यावर. खरं सांगतो, गिटार माळ्यावर जाण्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. युनूसनं घडवलेला आवाज माझ्या फडक्यानं पुसला गेला आणि तो आता जगात कुठंच नाही, हे मला सहन होत नव्हतं.

मग मी आठ दिवस घरात ते नॉब फिरवत बसलो. आधी आठवून बघितलं. ठिपका खालच्या अंगाला होता की वरच्या? काही आठवेना. सातबाऱ्यावरची खाडाखोड हातभरावरून ओळखणारा मी, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेले पाच ठिपके मला सांगता येईनात. जुन्या कार्यक्रमांचे फोटो काढले, त्यात सुभाषरावांचं जाकीट सोडून काही दिसत नव्हतं. संगीताला ऐकवायचो, "हा बरा की आधीचा?" ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "दोन्ही सारखेच." चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला काय विचारता? नसीमभाभींकडं जा. बाटली त्यांची होती ना?" 

भाभींकडं जायला माझे पाय उचलत नव्हते. एकतर त्या नवरा गेल्यावरच्या इद्दतमध्ये, म्हणजे बाहेर येणं नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही. आणि दुसरं, काय तोंडानं सांगणार? संगीताला बरोबर घेतलं आणि गेलो. रुखसाना माहेरीच होती. मी बाहेरच्या खोलीत बसलो, संगीता आत गेली, आणि मधल्या दाराच्या पडद्याकडं तोंड करून मी माझा गुन्हा कबूल केला. म्हटलं, भाभी, युनूसची खूण माझ्या हातून पुसली गेली. थिनरनं पुसली. पडद्यामागून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं त्या रडतायत. मग बारीक हसू ऐकू आलं. "दत्ताभाऊ, थिनरनंच पुसली ना? मग बरूबर पुसली," भाभी म्हणाल्या. "ते बी थिनरनंच पुसायचे. दर टायमाला."

मला काही कळेना. भाभींनी आतून रुखसानाला काहीतरी सांगितलं आणि ती एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली होती, झाकण उघडलं तर थिनरचा वास. एक लाल डागांचं फडकं. एक नेलपॉलिशची बाटली, अर्धी. आणि हातानं जोडलेली एक वायर, एका टोकाला मोबाइलची पिन, दुसऱ्या टोकाला गिटारची. "माझी नेलपॉलिश कधी पुरली न्हाई बघा," भाभी पडद्याआडून सांगत होत्या. "हिच्या लग्नात आणलेली बाटली बी तुमच्या डब्बीला गेली. जिथं जायचे तिथं आदी जुने ठिपके पुसायचे, मग नवे द्यायचे. म्हणायचे, पत्र्याखाली येगळं, मैदानात येगळं, मांडवात येगळं. दत्ताला सांगू नको म्हणायचे, तो वही काढील." 

रुखसानानं अब्बांचा मोबाइल आणला. त्यात माझं वाजवणं होतं, पेडलशिवायचं, कोरडं, एकेका गाण्याचं. दुकानात सराव करताना तो म्हणायचा, "वाजव बे, वायर तपासायचीय," आणि मी वाजवायचो. त्या वायरीनं तो मला मोबाइलमध्ये भरून घेत होता. मग, रुखसाना सांगत होती, दर कार्यक्रमाच्या दुपारी, मी कचेरीत शिक्के मारत असताना, तो मोबाइलमधला मी त्या पेडलमधून सोडायचा, रिकाम्या खुर्च्यांमधून मागं चालत जायचा, ऐकायचा, परत यायचा, नॉब फिरवायचा, पुन्हा मागं. मन भरलं की ठिपके. मी पोचेपर्यंत ते वाळलेले असायचे. रुखसानानं एक रेकॉर्डिंग लावलं. आधी युनूसचा आवाज, "हं, वाजव. घाई करू नको." मग माझे सूर. मी तिथंच रडलो, पडद्याकडं पाठ करून. आत संगीताही रडत असावी, कारण भाभी तिला पाणी घे म्हणत होत्या.

भाभींनी दिलेली ती पिशवी आणि मोबाइल घेऊन घरी येताना मला हळूहळू उमगत गेलं. मी पुसले ते ठिपके फक्त शेवटच्या कार्यक्रमाचे होते, त्या एका मांडवापुरते. तो असता तर त्यानंही ते पुसलेच असते. मी जे हरवलं म्हणून आठ दिवस डोकं धरून बसलो होतो तसं काही कधी नव्हतंच. जे होतं ते त्याचं चालत मागं जाणं होतं. ते मी एकदाही पाहिलं नव्हतं, याची टोचणी मात्र राहणार आहे.

महिनाअखेरीस मी आयुष्यात पहिल्यांदा कार्यक्रमासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं पण सही केली. दीड वाजता युसूफ वडगावला पोचलो. शाळेच्या पटांगणात कापडी मांडव होता, तिन्ही बाजूंनी उघडा. मोबाइल वायरीला जोडला, पेडल साउंडला जोडलं, आणि माझंच वाजवणं सुरू करून मी खुर्च्यांमधून चालत मागं गेलो. इतकं विचित्र वाटलं... मी पुढं वाजवतोय आणि मीच मागं ऐकतोय. किटलीजवळ पोचेपर्यंत खर्ज पार विरून गेला होता, मोकळ्या मैदानानं पिऊन टाकल्यासारखा. परत आलो, खर्ज वाढवला. पुन्हा मागं. आता जाडी आली पण सूर ओळखू येईनात. मधला नॉब वर घेतला. पुन्हा मागं. चहावाला शेवटी म्हणाला, "मामा, काय हरवलंय का?" मी म्हटलं, हो, सापडायलंय. नऊ की दहा फेऱ्या झाल्या. मोटारीजवळ बसवून युनूसनं मला तासभर कान लावायला लावलं होतं, ते मधूनमधून आठवत होतं. शेवटच्या फेरीला किटलीजवळ उभा राहिलो आणि पुढून प्रत्येक सूर वेगळा, पाय रोवून येत असलेला ऐकू आला. मी जाऊन पाच ठिपके दिले. सवय नव्हती, मधल्याचा ठिपका जरा मोठाच झाला.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या दोन गाण्यांना भीमरावचा डावा हात आणि माझी गिटार दोन्ही बेस वाजवत होते, एकमेकांच्या पायात पाय घालून. मी मागं नजर टाकली. सवय. किटलीजवळ चहावाला कप विसळत होता, आणखी कुणी नव्हतं. तिसऱ्या गाण्याच्या कडव्यात सुभाषराव वळले, थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि माईक बाजूला धरून भीमरावला म्हणाले, "राहू दे." भीमरावनं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तो शेवटपर्यंत मांडीवरच होता. मला सांगायला हवं, तो आवाज हुबेहूब युनूसचा नव्हता. थोडा जाड होता, टोकाला जरा बोथट. युनूस असता तर खर्जाचा नॉब केसभर मागं घेतला असता आणि मध्यंतरात माझी आईबहीण काढली असती. पण शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या शिपायाचा पाय बरोबर माझ्या सुरांवर पडत होता, हे मी चष्म्यातून स्पष्ट पाहिलं.

आता पुढच्या महिन्यात आष्टीला एका लग्नाचं ठरलं आहे, पत्र्याच्या कार्यालयात. रुखसानाला कळलं तसा तिचा फोन आला. "काका, दुपारी मी येते. तुमी पुढं नॉब फिरवा, मी मागं उभी राहते. लहानपणी अब्बा मला बी मोटारीला कान लावायला लावायचे." या वेळी मी तिला थांब म्हटलं नाही, खिडकीसमोर रांग होती तरी. भाभींनी तिच्या हाती नवी नेलपॉलिशची बाटलीही पाठवते म्हटलं आहे, त्याच रंगाची, आणि ही पुरवून वापरा असा निरोप आहे. पेडल माझ्या टेबलावर आहे. युसूफ वडगावचे पाच ठिपके अजून त्याच्यावर आहेत, मधला जरा मोठा. संगीता त्यांच्यावर धूळसुद्धा बसू देत नाही. थिनरची बाटली मी पिशवीत घालून ठेवली आहे. आष्टीला पोचल्यावर ते पुसायचे आहेत.